नैरोबीला गेलेल्या साहेबांची सही

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठलं कोणत्या ठाण्यातलं, हे सांगायला थांबून विचार करावा लागतो. पण सोलापुरात नवी पेठेतल्या एका बँकेत पकडलेल्या त्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं प्रकरण विचार न करता आठवतं, आणि आठवलं की अजून हसू येतं. खून नाही, दरोडा नाही. पैसे काढायची एक स्लिप आणि एक लोकरी कोट, एवढाच मुद्देमाल. यातल्या कुणाचंही नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते शेवटी कळेलच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. थंडीचे दिवस होते. गड्ड्याची जत्रा नुकतीच उलगली होती आणि बंदोबस्ताने आमची माणसं पार पिळून निघाली होती. सकाळची हजेरी घेऊन मी टेबलाशी बसलो होतो, तोच बँकेच्या मॅनेजरचा फोन आला. म्हणाले, "साहेब, एक माणूस दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढायला आलाय. बसवून ठेवलंय. लवकर या."

मी आमच्या हवालदारांना घेऊन निघालो. हवालदार म्हणजे जाडजूड, मिशाळ, मनाने मऊ. पण त्यांची कल्पनाशक्ती भलती तिखट. कुणाची सायकल चोरीला गेली तरी त्यांना त्यामागे टोळी दिसायची. बँकेत पोहोचेपर्यंत त्यांनी रिक्षातच अर्धा गुन्हा उघडकीला आणला होता.

बँकेतल्या बाकावर एक म्हातारा बसला होता. डोक्याला मुंडासं, दाट पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडं, पायांत जाड वहाणा. ऊन खाऊन खाऊन चेहरा काळवंडलेला. काठी भिंतीला टेकवलेली आणि मुठीत बँकेचं पितळी टोकन घट्ट धरलेलं. ते टोकन परत घ्यायचा मॅनेजरांनी दोनदा प्रयत्न केला म्हणे, पण म्हातारा म्हणाला, "पैसं मिळाल्याबिगर टोकन देत नसत्यात की."

ज्या क्लार्कने त्याला हेरलं, तो तरुण मुलगा मोठा खूश होता. त्याने सांगितलं ते असं. खातं होतं त्याच्याच कॉलनीत राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअर साहेबांचं. साहेब बांधकाम खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले. त्यांचा मुलगा नैरोबीला डॉक्टर. बाईंना थंडीत गुडघ्यांचा त्रास, म्हणून दिवाळी झाली की नवरा-बायको मुलाकडे जायचे आणि होळीला परत यायचे. परदेशात जाऊन हिवाळा काढणारं सोलापुरातलं हे आमच्या माहितीतलं एकच जोडपं. सात रस्त्याजवळची त्यांची अख्खी कॉलनी स्टेशनवर हार घेऊन जायची. या वर्षी तर इंजिनिअरीणबाई स्वतः बँकेत येऊन मॅनेजरांना बजावून गेल्या होत्या, "आम्ही होळीपर्यंत इथे नाही. खात्याकडे लक्ष असू द्या. दिवस वाईट आहेत."

मॅनेजर नवे बदलून आलेले. त्यांनी ते अगदी मनावर घेतलं.

"आणि आज हा बाबा साहेबांचं पासबुक घेऊन आला," क्लार्क म्हणाला. "स्लिपवर आजची तारीख, ताजी शाई. साहेब नैरोबीला, मग सही केली कुणी? आणि सही बघा, नमुन्याच्या सहीशी तंतोतंत जुळते. मुरलेला आहे साहेब हा."

"इंजिनिअर साहेबांना तू ओळखतोस ना? यांच्याशी काही नातं?"

क्लार्कने म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. "नाकाडोळ्यांत थोडं साम्य आहे खरं. लांबचा नातेवाईक असेल. असले धंदे नातेवाईकच करतात."

मी स्वतः त्या साहेबांना दोनदा जवळून पाहिलं होतं. गणेशोत्सवाआधी आम्ही शांतता समितीची बैठक घ्यायचो, तिथे ते सूटबूट घालून, गुळगुळीत दाढी करून पुढच्या खुर्चीवर बसायचे. मीही म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि क्लार्कच्या बोलण्यावर मान डोलावली.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं आणि समोर बसवलं. बाकावर तो ताठ बसला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. गावाकडचा माणूस ठाण्यात आला की एक तर अंग चोरतो, नाही तर पायांशी येतो. याने दोन्ही केलं नाही. नाव विचारलं तर गावाकडचं एक जुनं, दोन अक्षरी नाव सांगितलं.

"पासबुक कुणाचं आहे?"

"इंजनेर सायबाचं."

"तुझ्याकडे कसं आलं?"

"त्येंच्याकडनंच आलं."

"साहेब आहेत कुठे?"

त्याने क्षणभर छताकडे पाहिलं. "परदेशात असत्यात म्हनं."

"म्हणे? म्हणजे तुला ठाऊक नाही?"

"समदं सोलापूर म्हनतंय की तसं."

"मग स्लिपवर त्यांची सही कुणी केली?"

"म्या केली," म्हातारा म्हणाला.

हवालदारांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. इतक्या लवकर कबुली देणारा आरोपी आम्हाला सहसा मिळत नसे. पुढे मात्र पैसे कशाला हवे होते, एवढ्या एकाच प्रश्नाला त्याने तोंड उघडलं. त्याचा थोरला भाऊ टेंभुर्णीजवळच्या तळावर तापाने फणफणला होता, छातीत कफ झाला होता आणि डॉक्टरने इंजेक्शनं लिहून दिली होती. चिठ्ठी त्याने काढून दाखवली. "मला कोंडा की सायेब," तो म्हणाला, "किती बी दिस कोंडा. पर तेवढं औशद तितं धाडा. म्हातारा एकला हाय."

आता, अशी कहाणी सांगणारे आम्ही रोज पाहायचो. पोलिसासमोर प्रत्येकाची आई आजारी असते. पण हा हात जोडत नव्हता, रडत नव्हता. कामाची यादी द्यावी तसं सांगत होता.

तपासाची रीत म्हणून मी आधी इंजिनिअर साहेबांच्या कॉलनीत गेलो. घराला भलंमोठं कुलूप. समोरच्या काकू पदर खोचूनच बाहेर आल्या. साहेब-बाईंना आपण स्वतः स्टेशनवर हार घातल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. "साहेबांनी करड्या रंगाचा लोकरी कोट घातला होता. इथंच नवी पेठेत शिवून घेतलेला, आतून रेशमी अस्तर. बाई म्हणाल्या, तिकडे पार्टीला लागतो. मागल्या वर्षी साहेबांनी मोटारीतून सिंह बघितले म्हणे, अगदी इथनं त्या खांबाइतक्या जवळ!" काकूंनी खांब दाखवला. मुलाचा नैरोबीचा पत्ताही त्यांच्याकडे होता. तो मी लिहून घेतला.

दुपारी जीप काढली आणि टेंभुर्णी गाठलं. तिथल्या चौकीला वर्दी दिली, दोन पंच सोबत घेतले आणि मेंढपाळांचा तळ शोधत भीमेच्या बाजूला गेलो. खरिपाची पिकं निघालेल्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धनगरांना ज्वारी देतात. तसाच एक कळप तिथे बसला होता. जाळीचं कुंपण, एक घोडी, तीन दगडांची चूल. शेजारच्या बिऱ्हाडातली एक पोरसवदा सून मेंढरांवर लक्ष ठेवून होती. आणि बाभळीखाली वाकळेवर एक फार म्हातारा माणूस धापा टाकत पडला होता. त्याच्या अंगावर करड्या रंगाचा लोकरी कोट पांघरलेला होता. कोटाची एक बाजू दुमडली होती आणि आतलं रेशमी अस्तर उन्हात चमकत होतं.

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, खून," एवढंच म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. उशाच्या पत्र्याच्या पेटीत साहेबांचा सोनेरी काड्यांचा चष्मा निघाला, घड्याळ निघालं, टाय निघाला. तळहाताएवढ्या आरशाशेजारी दाढीचं सामान कापडात गुंडाळून ठेवलेलं. नैरोबीला निघालेल्या माणसाचा सगळा सरंजाम टेंभुर्णीच्या रानात. माणूस कुठे आहे, एवढाच प्रश्न राहिला होता.

मी आजाऱ्याजवळ बसलो. "बाबा, हा कोट कुणाचा?"

"भावाचा," म्हातारा धापेतून बोलला. "थंडी वाजती म्हनून घाल म्हनला की."

"भावाकडे एवढा भारी कोट कुठून आला?"

तो हसला. तापातही हसला. "त्येचाच हाय. शिवून घेतलाय त्येनं. लई शाना हाय माजा भाऊ."

यापुढे काही विचारण्यात अर्थ नव्हता. त्याला धड श्वास घेता येत नव्हता. पंचनाम्यात कोट जप्त झाला असं लिहायचं तर तो अंगावरून काढायला हवा. हवालदार वाकलेसुद्धा. मी त्यांना थांबवलं. कोटाचं वर्णन लिहून घ्या, म्हटलं, कोट म्हाताऱ्याबरोबर जाईल. मग त्याला तसाच, कोटासकट, जीपमध्ये घातला आणि टेंभुर्णीच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरने चिठ्ठी ओळखली. इंजेक्शनं मी खिशातले पैसे घालून आणली. आमच्या हवालदारांनी आजाऱ्याला स्वतः धरून बसवलं आणि ज्याच्यावर खुनाचा संशय घेत होते त्याच्या भावाला चमच्याने चहा पाजला. पोलीस खात्यात अशी माणसं असतात. वर्तमानपत्रात येत नाहीत, एवढंच.

परतीच्या वाटेवर मी नैरोबीला करायच्या तारेचा मजकूर जुळवला. 'वडील पोहोचले का, ताबडतोब कळवा.' ठाण्यात उतरल्यावर तो कागदावर लिहिला आणि तार ऑफिसात पाठवण्याआधी म्हाताऱ्याचा जबाब पुरा करून घ्यावा म्हणून बाजूला ठेवला. उत्तर 'नाही' आलं असतं, तर तिकडे एका बाईच्या पायांखालची जमीन सरकली असती, हा विचार मनात होताच. पण हे काम करायलाच लागतं.

लॉकअपमधून म्हाताऱ्याला बाहेर आणलं. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "थोरला कसा हाय?"

"दवाखान्यात पोचवलाय. इंजेक्शन दिलंय. डॉक्टर म्हणतात, निभावेल."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. त्याच्या दाढीवर पाणी ओघळलं ते त्याने घोंगड्याने पुसलं. मग एकदम मोकळा होऊन म्हणाला, "आता काय लिवायचं ते लिवा. सही करतो."

हवालदारांनी जबाब लिहिला. पासबुक त्याच्याकडे होतं, सही त्याने केली, कोट आणि घड्याळ तळावर मिळालं; साहेबांबद्दल तो काही सांगत नाही. कागद त्याच्यापुढे सरकवला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. म्हाताऱ्याने डबीकडे पाहिलंही नाही. त्याने कागद उचलला, हात लांब करून, डोळे बारीक करून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग माझं पेन मागून घेतलं. मजकूर संपला होता तिथून पानाच्या तळापर्यंत बरीच जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेवर त्याने वरून खाली एक तिरकी रेघ ओढली आणि शेवटच्या ओळीला अगदी चिकटून सही केली. सही त्या दोन अक्षरी नावाचीच होती.

मी त्या रेघेकडे बघत राहिलो. सही करणारे मी हजारो पाहिले होते. शिकलेले, न शिकलेले, वकील, व्यापारी. पण आपल्या सहीच्या वर नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून कोरी जागा रेघ मारून बंद करणारा माणूस एकाच जातीचा असतो: ज्याने उभा जन्म सरकारी कागदांवर सह्या केल्या आहेत तो. मेंढरांमागे फिरणाऱ्या हाताला ही सवय लागायची कुठून?

मी हवालदारांना पाणी आणायला बाहेर पाठवलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हटलं, "साहेब, चहा घेणार?"

"बिनसाखरेचा," म्हातारा म्हणाला.

त्याने पेन टेबलावर ठेवलं. मी उठून उभा राहिलो, काय करावं ते सुचेना म्हणून टोपी डोक्यावर घातली. मघापासून ज्याला एकेरीत झापत होतो, त्याला म्हटलं, "आपण बसा." तो बसलेलाच होता.

"फौजदार साहेब," इंजिनिअर साहेब आता आपल्या ऑफिसच्या भाषेत बोलू लागले, "मला आत टाकायचं तर खुशाल टाका. पण हे बाहेर जाऊ देऊ नका. माझ्यासाठी नाही, आमच्या मंडळींसाठी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते मूळचे कोरड्या भागातल्या धनगराच्या घरातले; ते दोन अक्षरी नाव घरात हाक मारायचं. त्यांनी शाळेत जावं म्हणून थोरल्या भावाने त्यांच्या वाटची मेंढरंही राखली आणि स्वतः कधी शाळेची पायरी चढला नाही. पहिल्या हिवाळ्यात साहेब खरोखरच नैरोबीला गेले. "मोठं घर, बाग, नोकर. कशाचीच कमी नव्हती. पण सकाळी सून विचारायची, बाबा आज काय करणार? आणि मला उत्तर सापडायचं नाही." परत आले तेव्हा भाऊ थकलेला दिसला. त्याची पोरं सोलापुरात गिरणीत लागली होती. त्याला म्हटलं, मेंढरं विकून टाक. तर तो म्हणाला, मग मी सकाळी उठून करू काय? "दोघा भावांचा प्रश्न एकच निघाला बघा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या हिवाळ्यापासून त्यांनी बेत ठरवला. स्टेशनवर हार घालून घ्यायचे. मुंबईला जाऊन बाईंना विमानात बसवायचं, तिकडे मुलगा उतरवून घेतो. मग पुण्याहून एसटी धरायची आणि सोलापूर यायच्या आत टेंभुर्णीलाच उतरायचं. होळीला पुन्हा दाढी करून, कोट घालून मुंबईला जायचं आणि बाईंना घेऊन यायचं. खर्चाला लागतील ते पैसे दिवाळीतच काढून ठेवायचे. यंदा भावाच्या आजारपणात ते संपले.

"पण यात लपवायचं काय?" मी विचारलं. "भावाकडे राहता, चोरी तर करत नाही."

"कॉलनीत नवीन आलो तेव्हा एका बाईंनी हिला विचारलं, तुमचे सासरे काय करायचे? ही म्हणाली, शेती. तिथनं सुरुवात झाली. मग मुलगा नैरोबीला गेला, मी तिकडे जायला लागलो. हिची मान जरा वर झाली. दर होळीला बायका जमतात आणि ही सांगते, साहेबांनी सिंह बघितले, साहेबांनी अमकं खाल्लं. आता सगळ्यांना कळलं की साहेब चार महिने मेंढरांमागे होते, तर ती घराबाहेर पडायची नाही. स्वभाव आहे तिचा. चांगली आहे हो ती. मी टेंभुर्णीला उतरलो म्हणून कधी एका शब्दाने बोलली नाही. उलट पेटीत तिळाचे लाडू भरून देते, भावजींना द्या म्हणून. फक्त तेवढं कुणाला सांगू नका म्हणते. मी तिला शब्द दिलाय."

म्हणजे बायकोला दिलेल्या शब्दापायी हा माणूस, ज्याच्या हाताखाली एके काळी शंभर माणसं होती, तो दिवसभर आमच्या लॉकअपमध्ये चोर म्हणून बसला होता. स्वतःच्या पैशांचा चोर. मी उठून उगाच खिडकी उघडली.

नैरोबीच्या तारेचा कागद मी त्यांच्यासमोर फाडला. मग कायद्याकडे वळलो. भारतीय दंड विधान मी बऱ्यापैकी वाचलं आहे. स्वतःची सही स्वतः केल्याबद्दल त्यात कलम नाही. बँकेच्या मॅनेजरांना ठाण्यात बोलावून घेतलं. त्यांचा विश्वास बसेना. साहेबांनी त्यांच्यासमोर ओळीने सह्या करून दाखवल्या, दिवाळीत बाईंनी त्यांना काय बजावलं होतं तेही शब्दाशब्दाने सांगितलं, आणि खिशातून पितळी टोकन काढून टेबलावर ठेवलं. "पैसे मिळाल्याशिवाय देणार नव्हतो," ते म्हणाले. मॅनेजर आधी ओशाळले आणि मग पोट धरून हसले. कुणाकडे ब्रसुद्धा काढणार नाही, अशी शपथ त्यांनी आपण होऊन घेतली, आणि पाळली. ठाण्याच्या डायरीत मी नोंद केली: ओळखीबाबत गैरसमज, खात्री केली, तक्रार नाही.

हवालदारांना मात्र सांगावंच लागलं. ते बराच वेळ मिशी चोळत राहिले. "म्हणजे खून न्हाय?" शेवटी म्हणाले. त्यांना किंचित वाईट वाटलं असावं. क्लार्कला आम्ही सांगितलं की तो साहेबांचा गावाकडचा माणूस, अधिकारपत्र मागून आलं. चोर निसटल्यामुळे तो खट्टू झाला. पण तू फार दक्ष आहेस, असं मी त्याला मनापासून सांगितलं. दक्ष तो होताच. नमुन्याची सही त्याने जुळवली होती, फक्त चेहरा जुळवला नव्हता. मीही जुळवला नव्हता. सूट आणि मुंडासं यांच्या मधला माणूस पाहायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. पुढच्या नोकरीत कुणालाही समोर बसवलं की मी आधी कपडे नजरेआड करायचो आणि मग तोंड बघायचो. ही शिकवण ट्रेनिंग स्कूलमध्ये मिळाली नव्हती.

भाऊ बरा झाला. होळी झाल्यावर मला इंजिनिअर साहेबांच्या घरून चहाचं बोलावणं आलं. साहेब गुळगुळीत दाढी करून, करडा कोट घालून बसले होते. कोटाला लोकरीचा आणि धुराचा किंचित वास येत होता. ठाण्यातला प्रकार त्यांनी घरी सांगितलाच नव्हता. त्यामुळे बाई माझ्यापुढे अगदी जोरात होत्या.

"यांचा रंग बघितलात का?" त्या म्हणाल्या. "नैरोबीचं ऊन फार कडक हो. किती सांगितलं, टोपी घाला, तर ऐकतील तर शपथ."

"हो ना," मी म्हणालो. "चांगलंच लागलंय ऊन."

साहेब बशीतल्या चहात बघत होते. निघताना बाईंनी कॉफीचा एक डबा माझ्या हातात ठेवला. "साहेबांनी तिकडच्या बाजारातनं तुमच्यासाठी निवडून आणलाय." मी दोन्ही हातांनी घेतला. साहेबांकडे बघायची माझी छाती झाली नाही. बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

त्यानंतर त्यांच्या हिवाळी पैशांची व्यवस्था माझ्याकडे आली. दिवाळीच्या आधी साहेब सह्या केलेल्या स्लिपा आणि मॅनेजरांच्या नावाचं अधिकारपत्र माझ्याकडे देऊन जायचे. मी स्टेशनवर हार घालायचो, आगगाडी हलेपर्यंत हात हलवायचो आणि पुढच्या महिन्यात रजेच्या दिवशी नवी पेठेतून पैसे उचलून एसटीने तळ असेल तिथे नेऊन द्यायचो. बँकेत मला 'परदेशी पेन्शनरांचे मुनीम' म्हणत. तळावर थोरला भाऊ मला बघितला की साहेबांना हाक मारायचा, "आला रं तुजा फौजदार." गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन मी परत यायचो. खरं सांगायचं तर पैसे पोचवणं हे निमित्त होतं.

अशाच एका हिवाळ्यात तळ माढ्याच्या बाजूला होता. त्या वर्षीही कॉलनीने हार घातले होते. बाईंनी नवी कोरी रेशमी साडी नेसून, डब्याच्या दारात उभं राहून, काकूंना नैरोबीहून पत्र टाकायचं वचन दिलं होतं. मी रानातून चालत तळाजवळ गेलो तर चुलीपुढे माझ्याकडे पाठ करून एक बाई भाकरी थापत होती. शेजारच्या बिऱ्हाडातली असेल, असं वाटलं. जाडंभरडं लुगडं, डोक्यावर पदर. मग मला तो हात दिसला. भाकरी थापताना कोपरापर्यंत पिठाने भरलेला, आणि मनगटात सोन्याच्या पाटल्या, स्टेशनवर डब्याच्या दारात पाहिलेल्या त्याच.

मी जागच्या जागी थांबलो. मागे फिरावं की काय, असं वाटलं. एवढी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी साहेबांनी जीव टांगणीला लावला, ती आता माझ्यामुळे उघड्यावर येणार होती. तेवढ्यात तिने मान वळवली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. कुंपणापाशी साहेब कोकरू काखेत धरून उभे होते, तेही हलेनात. थोरला भाऊ मात्र बाभळीखाली बसून मजेत बघत होता.

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली. मग पदर सावरून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बसा फौजदार साहेब. नैरोबीत भाकरी चांगली होते बरं का."

मी बसलो. दुसरं काय करणार? थोरला भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. साहेबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. नंतर बाईंनी भाकरीवर लोणी घालताना हळूच सांगितलं की नातवंडं आता बोर्डिंगला गेली, घरात दिवसभर कुणी नसतं, आणि सून सकाळी विचारायची, आई आज काय करणार? "मग म्हटलं, जाऊन बघावं तरी हे चार महिने कसले सिंह बघतात ते."

"गुडघे?" मी विचारलं.

"दुखतात की," त्या म्हणाल्या. "पण हितं कळत न्हाय."

त्यांच्या तोंडून गावाकडची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आपण बोलून गेलो हे त्यांच्याही लक्षात आलं, पण त्यांनी वाक्य सुधारलं नाही. साहेब कोकरू खाली सोडून चुलीशी येऊन बसले आणि बाईंनी त्यांच्या पुढ्यात पहिली गरम भाकरी ठेवली.

ठाण्यात काम करताना मी माणसांना हजार वेळा विचारलं असेल, खरं सांग. त्या दुपारी मला कळलं की काही माणसं खरं सांगतातच, फक्त त्यांना स्वतःच्या वेळेने सांगू द्यावं लागतं. दांडगाई केली की हाती जबाब लागतो, पण माणूस लागत नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सात रस्त्याला कॉलनीतल्या समोरच्या काकू भेटल्या. "काय हो फौजदार साहेब, नैरोबीची काही खबर? बाईंनी पत्र टाकते म्हटलं होतं, अजून नाही आलं."

"खबर आहे तर," मी म्हणालो. "दोघंही अगदी खुशाल आहेत. आणि या वर्षी बाईंनीही सिंह बघितले."